शेवटची धार

या मायबाप, जवळ सरका, जेऊरकडच्या केराबाईची गोष्ट सांगतो. दुधाची फॅट मोजायची गर्बरसाहेबाची टेस्ट डेअरीत झाली, तिच्या दुधाला फॅट कमी लागली आणि सेक्रेटरी जोतिरामनं फळ्यावर खडूनं लिहिलं, ‘केराबाई, पाणी घातलं.’ दुसऱ्या सकाळी तिनं म्हैस रेडकासकट डेअरीच्या दारात उभी केली. सगळ्यांदेखत पिळली, पहिलं दूध एका चरवीत, शेवटची धार दुसरीत. “लाव की तुझी टेस्ट!” पहिलीला चार फॅट लागली, दुसरीला बारा. जोतिराम वरमला. “मावशी, हे दाट दूध रोज का आणत न्हाईस?” “ते रेडकाच्या वाटणीचं हाय. फॅट कमी लिही, पण मला लबाड म्हणायचं न्हाय!” दुसरी चरवी तिनं रेडकापुढं ठेवली, पदरानं फळ्यावरचं ‘पाणी घातलं’ पुसलं, नाव राहू दिलं. टेस्टला गर्बरसाहेबाचं नाव आहेच, तुम्ही तेवढं केराबाईचं ध्यानात ठेवा.