पाठीतली अळी

आमच्या गायीच्या पाठीवर गाठी उठल्या आन् वाडीत बोंब झाली, लंपी आली! हसुरामशेठ चार माणसं घेऊन गोठ्यात आला. म्हणला, "गाय आत्ताच रानात सोड, न्हायतर सगळ्यांची गुरं मरतील." मी भिऊन दावं सोडाय वाकलो. बायको आडवी आली. "दाव्याला हात लावलात तर तुम्हालाबी गायीसंगं धाडीन," मलाच म्हणली. मग शेठला, "या भावजी, गाठीला भोक हाय, दिसतंय? लंपीला भोक नसतं. म्हायेरी असल्या ढीगभर पिळल्यात मी." तिनं दोन अंगठ्यांनी गाठ दाबली. गाय हंबरली, पण हलली न्हाय. भोकातनं जाडजूड अळी टपकन् पडली. बायकोनं ती शेठच्या हातावर ठेवली. "ही माशीची अळी." शेठ हात झटकीत मागं सरला. "पळता कुठं? तुमच्या बैलाच्या पाठीवरबी दोन हायत. गाठी पिळू का त्याला रानात सोडू?"