मखमलीवरचा पक्षी

“एकच पिन दोन दिवस दिसली, तर दार वाजव हं, ऊर्मी,” समोरच्या पॉलिनआंटींनी बजावलं होतं. “काहीतरीच काय आंटी, तुम्ही शंभरी गाठाल!” ऊर्मीने हसण्यावारी नेलं. अमेरिकेतल्या झुनी आदिवासींनी घडवलेल्या, चांदीत पिरोजा, पोवळं जडवलेल्या पक्षी-फुलपाखरांच्या जुन्या पिना आंटींनी आयुष्यभर जमवल्या होत्या. रोज सकाळी त्यातली एक खिडकीतल्या काळ्या मखमलीवर लावायच्या. या आठवड्यात ऊर्मीच्या लेकीला ताप होता, कॅनडातल्या त्यांच्या व्हिटबीत ढोपरभर बर्फ. “मम्मा, सेम बर्डी!” लेक खिडकीतून रोज सांगायची. “असू दे गं, औषध घे.” चौथ्या दिवशी आंटींनी दिलेल्या किल्लीने ऊर्मीने दार उघडलं. आंटी खिडकीखाली पडलेल्या, मुठीत बदलायला घेतलेली फुलपाखराची पिन. पॅरामेडिक हळूच म्हणाला, “कालपर्यंत जीव असावा.” ऊर्मी आता तुम्हालाच विनवते: तुमच्या शेजारी कुणी एकटं राहतं ना? वाचणं थांबवा, बघून या.