इथेलच्या खिशातली काडीपेटी

ग्वेन्लियन बेनन प्रश्न विचारायला उठली आणि इद्वल प्रॉसरच्या तोंडचं पाणी पळालं.

निवडणुकीची सभा चांगली रंगली होती. चॅपलचं तळघर खाणकामगारांनी खच्चून भरलं होतं. बॅरिस्टर प्रॉसरसाहेब आपल्याच खोऱ्यातले, पार्लमेंटात आपलीच बाजू मांडणार, असं अध्यक्षांनी आत्ताच सांगितलं होतं. आता ही बाई तोंड उघडणार आणि सगळं मुसळ केरात जाणार.

बायकांना मत नव्हतं. पण तिच्या आजूबाजूला बसलेल्या पुरुषांना होतं.

सहा वर्षांपूर्वी खाणीत स्फोट झाला. तिचा नवरा इथेल आणि त्याच्याबरोबरचे अकराजण गेले. चौकशीत प्रॉसर मालकांचा वकील होता. इथेलने खिशातून काडीपेटी नेली आणि खाली काडी ओढली, असं त्याने इतक्या सफाईने मांडलं की मालक सुटले. खोऱ्यानेही ते मानलं. वकिलाला पोटासाठी कुणाचीही बाजू घ्यावी लागते, म्हणून त्यालाही माफ केलं. खाणीतला गॅस बाहेर काढणारा हवेचा पंखा बंद होता, हे मॅनेजरने चौकशीआधीच प्रॉसरच्या कानात सांगितलं होतं. त्याने ते कानातच ठेवलं.

"विचारा, ग्वेन्लियनबाई," अध्यक्ष म्हणाले.

"एकच विचारते, साहेब. माझ्या माणसाने काडी ओढली, हे तुम्हाला तेव्हा खरं वाटलं होतं का?"

हिला पंख्याचं कळलं की काय? प्रॉसरने टेबल घट्ट धरलं. 'हो' म्हटलं असतं तर सुटका होती. पण खोटं बोलायलाही धीर लागतो. चौकशीत तो मालकांनी पुरवला होता. इथे प्रॉसर एकटा होता.

"नाही," तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू येईना. "पंखा बंद होता. मला माहीत होतं."

तळघरात गलका उठला. कुणीतरी बाक लाथेने उलटवला. अध्यक्षांनी मान खाली घातली. खासदारकी गेली, हे प्रॉसरला कळून चुकलं. आता ही बाई शिव्याशाप देणार, म्हणून त्याने डोळे मिटून घेतले.

शिव्या आल्या नाहीत. त्याने भीतभीत पाहिलं. ग्वेन्लियनचं त्याच्याकडे लक्षही नव्हतं. ती मागच्या रांगेकडे वळली होती. त्या अकराजणांच्या विधवा तिथे बसल्या होत्या.

"मेरियल, ऐकलंस ना?" ती म्हणाली. "आता तरी रस्त्यात मी दिसले तर तोंड फिरवू नकोस गं."