शुभंकरची दाढ

"माझी दाढ घ्या, मॅडम," प्रयोगशाळेतला मदतनीस शुभंकर म्हणाला. "आमच्या घराण्यात नारायण पेठेबाहेर कुणी जन्मलेलं नाही. हडपसर म्हणजे आम्हाला परगाव."

डॉ. रझिया हसल्या. त्यांच्या प्रयोगशाळेत तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या माणसांचे दात होते. खोक्यांवर 'ताम्रपाषाण' असं लेबल लागलं होतं, म्हणजे काळाचा प्रश्न मिटला होता. ती माणसं इथलीच की बाहेरून आलेली, यावर मात्र विद्वानांची जुंपली होती. मूल पहिली तीन वर्षं जिथलं पाणी पितं, तिथल्या जमिनीची खूण त्याच्या दाढेत कायमची राहते. ताडून पाहायला एक खात्रीचा पुणेकर हवा होता.

शुभंकरची दाढ गेल्या वर्षी काढली होती. आईने ती डबीत जपून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी त्याची आई सुशीलाबाई आल्या. तो जेवायला गेल्याची वेळ साधून, आणि रिकाम्या हाताने.

"दाढेवरून खरंच कळतं का हो, मूल कुठलं ते?"

"कळतं, काकू."

"आणि उत्तर भलतंच आलं, तर त्याला सांगायलाच हवं का?"

"तपासणार तोच आहे." रझियांनी आवाज खाली आणला. "डबी हरवली म्हणून सांगा ना."

"तोंडातली दुसरी उपटून देईल. हट्टी आहे. बत्तीस वर्षं 'आई' म्हणतोय हो मला."

रझियांना त्या बाईंची फार दया आली.

आठवड्याने सुशीलाबाई डबी घेऊन आल्या. पदर तोंडावर घट्ट धरलेला. डबी टेबलावर ठेवली आणि एक शब्दही न बोलता निघून गेल्या.

पुढच्या महिन्यात निकाल आला.

"पुण्याचंच पाणी!" शुभंकर ओरडला. "सांगत नव्हतो? आमच्यात भेसळ नाही!" आणि तो बाकरवडी आणायला पळाला.

आपण उगाच भलता संशय घेतला, याची रझियांना लाज वाटली. सुटल्यासारखंही वाटलं. सुशीलाबाईंना लगेच फोन करावा, असं त्यांच्या मनात आलं.

त्याआधी प्रत्येक दाताची करतात ती नेहमीची दुसरी चाचणी तेवढी उरकायची होती. त्यांनी ती स्वतःच लावली.

दाढ बाईची होती.