लांबून दिसणारी भाकरी

अक्षराला आत्मा असतो, असं प्रज्वलचं ठाम मत होतं. धसईच्या बाजारात यावर त्याच्याशी वाद घालणारं कोणी नव्हतं, कारण फ्लेक्सचं दुसरं दुकान नव्हतं.

"वयनी, बघा आता," बोर्ड टांगून तो शिडीवरून उतरला. "उभट, जाड, चेपून बसवलेली. कारखान्याच्या गेटवर असतात ना, तशी. फास्ट गाडीतनंपण दिसणार."

रेश्माने पाहिलं. पिवळ्यावर काळं : 'चुलीवरची तांदळाची भाकरी'. साध्या अक्षरांत 'चुलीवरची' एवढंच मावलं असतं. इथे अख्खी ओळ खांद्याला खांदा लावून उभी होती, बंदोबस्ताला आल्यासारखी.

मुरबाडच्या रस्त्याला तिने शेड टाकली होती. महिनाभरात गिऱ्हाईक लागलं नाही तर पुन्हा कंपनीत पॅकिंगला जायचं, असं घरात ठरलं होतं. म्हणजे सासूने ठरवलं होतं.

बोर्डाने दुसऱ्या दिवशी सकाळपासूनच काम सुरू केलं. गाड्या लांबूनच हळू व्हायच्या. आतले लोक सीटबेल्ट ओढायचे. एका मोटारसायकलवाल्याने मागे बसलेल्या दोघांपैकी एकाला उतरवून चालत पाठवलं. एकाने तर गाडी वळवून शेताचीच वाट धरली. बाकीचे शेडपुढून अगदी शिस्तीत, समोर बघत निघून जायचे.

"लोक सुधारले गो," चुलीपाशी बसलेली तिची सासू गोजाबाई म्हणाली. "जेवत नाय कोणी, पण सुधारले."

रेश्माने प्रज्वलला फोन लावला. "भाऊजी, अक्षर बदला. लोक घाबरतात."

"अक्षराचा काय दोष, वयनी? लोक वाचतच नाय. नुसते बघतात."

दुपारी मात्र एक पांढरी गाडी थांबली. रेश्माने घाईघाईने दोन ताटं वाढली. तिच्या अंगात कंपनीतला जुना खाकी कोट होता. चुलीच्या राखेला तो बरा पडे. गाडीवाला आला आणि त्याने ताटाशेजारी लायसन्स, आरसी, विमा असं सगळं ओळीने मांडलं.

"पीयूसी संपलंय, मॅडम. खोटं कशाला बोलू?"

रेश्माने कागदांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "जेवणार ना?"

तो समजल्यासारखा हसला. "हो, हो. जेवलोच समजा. किती जणांचं धरायचं?"

"किती जण आहात?"

"दोघं."

"मग दोघांचं."

त्याने भिंतीवरचा भाव बघून दोन थाळ्यांचे पैसे टेबलावर ठेवले, पावती नको म्हणाला, कागद गोळा केले आणि गाडी सुरू केली.

"लागलं गो गिऱ्हाईक!" चुलीपासून गोजाबाई ओरडली. "उद्या पीठ जास्त मळ!"

रेश्मा ताटं उचलायला गेली. भाकऱ्या अजून गरम होत्या.