अनसूयाबाईंचं मत

अनसूयाबाईंच्या फोटोला हार घालून आमदार ढगे त्यांच्या मुलीसमोर, हेमासमोर बसले. "जातानाही आईंनी मत आम्हालाच दिलं. या मतदारसंघात आमचं घराणं कधी हरलं नाही, ते अशा माणसांमुळे."

"मतदानाच्या सकाळी मी तिला अग्नी देत होते," हेमा म्हणाली.

"हो, पण यादी आधीच बंद झाली होती. आणि हल्ली केंद्रावर जातं कोण? मागची मतं बघून यंत्रच प्रत्येकाचं मत टाकतं. आईंची चाळीस वर्षांची सवय त्याला पाठ आहे."

"तिची रुग्णवाहिका तुमच्या अर्धवट पुलापाशी अडकली. तिथंच माझा हात धरून ती म्हणाली, या वेळी ढग्यांना पाडायचं. हे यंत्राला कुठं सांगायचं?"

"नुसत्या बोलण्याची नोंद होत नाही, ताई." ढगे घड्याळाकडे बघत उठले. "तुमचंही पुढचं मत आमच्याकडेच दिसतंय. मुली आईवरच जातात."

उंबऱ्यात त्यांनी सवयीनं हात जोडले. "येतो."

दुखवट्याच्या घरातून निघताना असं कोणी म्हणत नाही.

"येऊ नका," हेमा म्हणाली आणि फोटोवरचा हार काढून तिनं त्यांच्या जोडलेल्या हातांवर ठेवला.