शुक्रवारची यादी

यादीत एकट्या डार्लीनचं नाव पाहून व्हर्ननने चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. नाव तिथेच होतं. दोन आठवड्यांत अकरा तास, नोकऱ्या शोधण्याच्या साइट्सवर.

नेब्रास्कातल्या त्या ट्रॅक्टरचे सुटे भाग विकणाऱ्या कंपनीत कोण इंटरनेटवर काय बघतं, याची नोंद एक सॉफ्टवेअर ठेवायचं आणि ते सॉफ्टवेअर व्हर्नन सांभाळायचा. जुगार, सिनेमे, फुटबॉलचे सामने त्याने कधीच बंद करून टाकले होते. नोकऱ्यांच्या साइट्स मात्र मालकाने, क्रेगने, मुद्दाम उघड्या ठेवायला लावल्या होत्या. कोण पळायच्या बेतात आहे ते आधी कळलेलं बरं, असं त्याचं म्हणणं. दर दुसऱ्या शुक्रवारी यादी त्याच्या टेबलावर जायची आणि यादीतलं माणूस सोमवारी दिसायचं नाही. नऊ वर्षं व्हर्ननने हा चोंबडेपणा इमानेइतबारे केला होता. त्याची त्याला लाज वाटायची, पण साठीच्या उंबरठ्यावर दुसरं काम देणार कोण?

डार्लीनची गोष्ट वेगळी होती. तिचा नवरा एमिल आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जायचा आणि त्याचा विमा तिच्या नोकरीला बांधलेला. नोकरी गेली की विमा गेला. त्यापुढचा विचार व्हर्ननला करवेना.

तो तिच्या टेबलाशी गेला.

"बाई, काय आरंभलंयस हे? अकरा तास?"

डार्लीन पावत्या लावत होती. तिने मान वर केली नाही. "जे दिसतंय ते लिही यादीत."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं? सोमवारी घरी बसवेल तो तुला."

"बसवू दे. तू लिही."

"आणि एमिलचं काय?"

तिचे हात थांबले. "व्हर्नन, माझ्यासाठी काही करू नकोस. हात जोडते तुझ्यापुढे. मुकाट्याने लिही आणि देऊन टाक."

दुसरं कुणी असतं तर गयावया केली असती. ही बाई मरेल पण उपकार घ्यायची नाही. व्हर्ननला भरून आलं. जागेवर येऊन त्याने तिची नोंद पुसून टाकली. नऊ वर्षांत पहिल्यांदाच. खूप दिवसांनी त्याला स्वतःबद्दल बरं वाटलं.

शुक्रवारी क्रेगने यादी उलटसुलट करून पाहिली.

"एकही नाव नाही?"

"नाही."

"नक्की ना?"

"नक्की."

क्रेगने कागद बाजूला ठेवला. "डार्लीन जेवायला गेली की तिच्या कॉम्प्युटरवर मीच बसायचो, व्हर्नन. कुंपणच शेत खातंय का, तेवढं बघायचं होतं. ओळखपत्र ठेव इथे."

व्हर्ननने ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं. आपलं काय होणार हे त्याला कळून चुकलं होतं. तो म्हणाला, "तिला यातलं काही ठाऊक नाही. तिच्या नोकरीला हात लावू नका."

"तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे," क्रेग म्हणाला. "आणि तिची नोकरी कशाला जातेय?"

त्याने दार उघडलं. बाहेर डार्लीन उभी होती, व्हर्ननचे पासवर्ड उतरवून घ्यायला वही घेऊन.